शब्दचर्चा : गोळी, काडतूस, पुंगळी आणि ‘रीलोडिंग’

प्रश्न

नेमबाजीच्या छंदावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. विषय आहे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचं रीलोडिंग, तेही मऊ शिशाच्या गोळ्या वापरून. मी सुरुवात केली ती अशी : ‘रिव्हॉल्व्हर मऊ शिशाच्या गोळ्यांनी पुन्हा भरताना...’ कच्चा खर्डा वाचणाऱ्याने विचारलं, सहा गोळ्या भरायला एवढी आठ पानं कशाला? ‘पुनर्भरण’ चालेल का? शिवाय ‘मऊ’ की ‘मृदू’? टोपी, दारू, ग्रेन या शब्दांचंही काय करावं ते सांगा.

उत्तर

वाचणाऱ्याचं बरोबर आहे. तुमच्या वाक्यात भरलं जातंय ते रिव्हॉल्व्हर, आणि लेखात भरलं जातंय ते काडतूस. मराठीत आपण ‘गोळी’ दोन्ही अर्थांनी वापरतो. ‘रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या होत्या’ म्हणतो तेव्हा गोळी म्हणजे अख्खं काडतूस. ‘गोळी खांद्यात घुसली’ म्हणतो तेव्हा फक्त पुढचा शिशाचा तुकडा. रोजच्या बोलण्यात काही बिघडत नाही. या लेखात मात्र पहिल्या परिच्छेदापासून गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाते तेवढीच, आणि सगळं मिळून काडतूस, हे कटाक्षाने पाळा.

मागे उरतं त्या पितळी नळकांड्याला शब्द शोधत बसू नका. गुन्ह्याच्या बातम्यांत तो रोज छापून येतो : ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.’ त्याच बातमीत ‘जिवंत काडतुसे’ही असतात. म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी (आघात होताच दारू पेटवणारी), नवी दारू आणि नवी गोळी बसवून तिचं पुन्हा जिवंत काडतूस करणं, हे झालं रीलोडिंग. ‘पुंगळ्या पुन्हा भरणे’ लिहा, कुणी अडणार नाही. ‘पुनर्भरण’ नको. तो शब्द विहिरींनी आणि भूजलाने केव्हाच उचललाय.

आणखी एक

‘काडतूस’बद्दल थोडं. १८५७ मधलं काडतूस दाताने तोडायचं होतं, कारण ते कागदाचं होतं : आत मोजून घेतलेली दारू आणि गोळी. शिपाई कागद फाडून दारू नळीत ओतायचा आणि गोळी गजाने ठासायचा. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘काडतूस’ दिसलं की पितळी पुंगळी डोळ्यापुढे आणू नये. आणि ज्या चरबीवरून रान पेटलं, ती गोळी ठासताना वंगण म्हणून होती. शिशाच्या गोळीला वंगण आजही लागतं. गोळीच्या अंगावर गोल खाचा असतात, त्यांत मेणासारखं वंगण भरलेलं असतं. लेखात ‘ल्यूब’ आलं असेल तर सरळ ‘वंगण’ म्हणा.

उत्तर

‘मऊ’च. ‘मृदू लोह’ पाठ्यपुस्तकात शोभतं, पण ज्या शिशावर नखाने चरा उमटतो त्याला मृदू कसलं म्हणायचं!

मात्र ‘मऊ’ म्हणजे हलक्या प्रतीचं असा सूर लेखात येऊ देऊ नका. ब्रिनेल मापावर शुद्ध शिशाचा कठीणपणा ५ च्या आसपास असतो. कथील आणि अँटिमनी मिसळलं की तो वाढतो, लायनोटाइपच्या मिश्रधातूत २२ च्या घरात जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये दाब बेताचा असेल तर मऊ गोळीच जास्त सोयीची. दारू पेटली की वायूच्या दाबाने गोळीचा बूड किंचित फुगतो आणि नळीत गच्च बसतो. वायूला बाजूने निसटायला जागा राहत नाही. गोळी फार कडक असेल तर ती फुगत नाही, तापलेला वायू कडेने घुसतो आणि गोळीचं शिसं वितळवून नळीला फासतो. उलट वेग फार वाढवला तर मऊ गोळीचं शिसंही नळीच्या खाचांत बसतं. १९३५ मध्ये आलेल्या ३५७ मॅग्नम या जोरदार रिव्हॉल्व्हर-काडतुसाच्या सुरुवातीच्या साध्या शिशाच्या गोळ्यांबद्दल हीच तक्रार होती. इंग्रजीत याला ‘लेडिंग’ म्हणतात. मराठीत ‘नळीत शिसं धरणं’ म्हणून पाहा. भांड्याला काट धरतो, तसं.

‘लायनोटाइप’ आलंच आहे तर सावध करतो. तिथे छपाईचा काही संबंध नाही, छापखान्याच्या टाइपाचा धातू एवढाच अर्थ. पण म्हणून ‘खिळ्यांचा धातू’ लिहू नका. छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, माहीत असलेले वाचक आता थोडेच. बाकीचे लोखंडी खिळे वितळवायला घेतील.

प्रश्नकर्ता

पुंगळी पटली. लेखात ‘कास्ट’ आणि ‘स्वेज्ड’ असे दोन प्रकार आहेत. शिवाय ‘जॅकेटेड’ आणि ‘प्लेटेड’. आणि ‘१५८ ग्रेन’ला मी ‘१५८ दाणे’ केलंय.

उत्तर

दाणे ताबडतोब काढा! ग्रेन हे वजन आहे, ७००० ग्रेनचा एक पौंड. १५८ ग्रेन म्हणजे सव्वादहा ग्रॅमच्या जवळपास. दारूही ग्रेनमध्येच तोलतात आणि दारूला खरोखरच दाणे असतात. त्यामुळे ‘पाच दाणे दारू’ असं वाचून कुणी मोजायला बसला तर हसण्यावारी जाणार नाही. ‘ग्रेन’ तसाच ठेवा.

कास्ट म्हणजे ओतीव, स्वेज्ड म्हणजे घडीव. आयती जोडी आहे. वितळलेलं शिसं साच्यात ओतून केली ती ओतीव गोळी. थंड शिसं साच्यात दाबून आकार दिला ती घडीव. घडीव गोळ्या बहुधा जवळजवळ शुद्ध शिशाच्या, म्हणून जास्त मऊ. निशाणाच्या कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडणाऱ्या, सपाट तोंडाच्या गोळ्या पुष्कळदा याच जातीच्या असतात.

प्लेटेडला ‘मुलामा दिलेली’ अगदी चपखल. जॅकेटेडला मात्र मुलामा नको, तिथे तांब्याच्या मिश्रधातूचं जाड कवच असतं. ‘कवचाची गोळी’ म्हणा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी घातली, आणि पुढे ब्रिटिश सैन्याने आपल्या ३८ रिव्हॉल्व्हरची २०० ग्रेनची मऊ शिशाची गोळी दुसऱ्या महायुद्धाआधी बदलून १७८ ग्रेनची कवचाची घेतली, ती मऊ गोळी या बंदीत मोडेल या धास्तीने.

आणखी एक

टोपीला कुणीतरी ‘टिकली’ सुचवेल. खेळण्यातल्या बंदुकीपुरती ती ठीक. ‘टोपी’ जुना आहे, टोपीच्या बंदुकांपासूनचा. ‘प्रायमर’ ठेवलात तर रंगाच्या डब्याची आठवण होते.

दारूला ‘पावडर’ करू नका. पहिल्यांदा ‘बंदुकीची दारू’ लिहा, पुढे नुसती ‘दारू’. वाचक शुद्धीवर असतो.

राहिला ‘क्रिम्प’. पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं. इथे ‘दाबणं’ लिहिलंत तर गोळी आत ढकलली असा अर्थ होईल. रिव्हॉल्व्हरमध्ये या आवळण्याला फार महत्त्व. एक बार उडाला की धक्क्याने बाकीच्या घरांतल्या काडतुसांना हिसका बसतो आणि सैल गोळी पुढे सरकते. ती घराबाहेर डोकावली की चक्र फिरायचं अडतं. म्हणून ‘तोंड आवळणं’.

प्रश्नकर्ता

‘घर’ म्हणजे चेंबर, एकेक काडतूस बसतं ती खोबण ना? मी ‘कक्ष’ लिहिलं होतं.

उत्तर

कक्ष अतिदक्षतेचा असतो. घरच बरं. आणि पूर्ण सिलिंडरला वरच्या प्रतिसादातलं ‘चक्र’ घ्या, नाहीतर वाचक गॅसचा नंबर लावेल.