उदारमतवादी पक्षांचं विलीनीकरण महिन्याभरात? कायदा तरी वाचा

मुक्तार्थी: कालच्या धाग्यात कुणीतरी लिहिलंय, छोट्या उदारमतवादी पक्षांनी ठरवलं तर महिन्याभरात एक नवा पक्ष उभा राहील. साफ चूक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली निवडणूक आयोगाकडे पक्षनोंदणीच्या अर्जासोबत किमान १०० सदस्यांची शपथपत्रं लागतात: मी मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नाही. म्हणजे आधी जुन्या पक्षातून राजीनामा. १०,००० रुपये शुल्क. मग वर्तमानपत्रांत जाहिरात, हरकतींसाठी मुदत. महिना तिथेच संपला!

नांगरधारी: नवी नोंदणी हवीच कशाला? १९७७ ला जनता पक्ष भारतीय लोकदलाच्याच चिन्हावर लढला, हलधरावर (नांगरधारी शेतकरी). एकाच्या नोंदणीत बाकीच्यांनी शिरायचं, नाव मागाहून बदलायचं.

मुक्तार्थी: आणि दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वावरून फुटायचं? जनसंघवाल्यांनी संघ सोडायचा की नाही, हे आधी मिटवलंच नव्हतं.

अर्थवादी: खरा अडथळा कुणी बोलतच नाही. २९अ(५) प्रमाणे पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहावीच लागते. १९८९ पासून. खुल्या बाजारपेठेचा पक्ष पहिल्याच कागदावर खोटं बोलणार? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी राज्यसभेत हा शब्द काढायला खाजगी विधेयक आणलं होतं.

नांगरधारी: विषय विलीनीकरणाचा आहे. प्रत्येक धाग्यात हेच गाऱ्हाणं!

अर्थवादी: विलीनीकरणाचंच बोलतोय. राजाजींच्या 'स्वतंत्र' या उदारमतवादी पक्षाचे १९६७ ला लोकसभेत ४४ खासदार, १९७१ ला ८. १९७४ ला भारतीय लोकदलात गेला आणि त्याचा विचार चरणसिंगांच्या शेतकरी राजकारणात विरघळला. पक्षाच्या घटनेत काय लिहिता याला किंमत नसते, असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

नांगरधारी: ४४ वरून ८ वर आलेला पक्ष विलीन झाला नसता तरी संपलाच असता. त्याचं खापर घटनेवर फोडू नका.

मुक्तार्थी: दोघेही आमदारांना विसरलात. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विलीनीकरणाला विधिमंडळ पक्षातले दोन-तृतीयांश लागतात. दोनच आमदार असतील तर दोघंही हवेत. एक अडला की दुसरा अपात्रतेच्या टांगत्या तलवारीखाली. एक-तृतीयांश फुटले तर अपात्रता टळायची, ती पळवाट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने बंद झाली.

नांगरधारी: बरं, आमदारांचा मुद्दा मान्य. महिन्याभरात होणार नाही. पण एकाच नोंदणीत शिरायचा मार्ग अजूनही तुमच्या १०० शपथपत्रांपेक्षा जवळचा आहे, हे तुम्हीही मान्य करा.

मुक्तार्थी: जवळचा आहे. दुहेरी सदस्यत्वाची अट पहिल्या बैठकीत लेखी घेणार असाल तरच.