नाकाजवळचा बेसल सेल कार्सिनोमा: लेझर करावे की शस्त्रक्रिया?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिचे सारे आयुष्य भाताच्या शिवारात गेले आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या नाकपुडीच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा काळसर उंचवटा आला. तो तीळच असावा असे समजून आम्ही लक्ष दिले नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्यावर खपली धरते, तोंड धुताना ती निघते, थोडे रक्त येते आणि आठवड्याभरात पुन्हा खपली धरते. बेळगावात तुकडा काढून तपासणी केली, तेव्हा 'नोड्युलर बेसल सेल कार्सिनोमा, रंगद्रव्ययुक्त', म्हणजे त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग, असा अहवाल आला. सर्जन शस्त्रक्रिया करू म्हणतात. दरम्यान एका सौंदर्योपचार केंद्रात, अहवाल न वाचताच, "लेझरच्या दोन बैठकांत जाईल, डागही राहणार नाही," असे आम्हाला सांगण्यात आले. चेहऱ्यावर टाके पडणार या विचाराने आई रात्र-रात्र जागते आणि लेझरकडे तिचा ओढा आहे. एका नातेवाईकांनी औषध लावून लाल प्रकाश सोडण्याच्या उपचाराविषयीही सांगितले. यांतले काय खरे मानावे?

उत्तर १ (निवृत्त पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, बेळगाव)

ताई, आधी धीराची गोष्ट सांगतो. हा कर्करोग त्वचेच्या सर्वांत सामान्य कर्करोगांपैकी आहे आणि तो दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. पण जागच्या जागी तो खोल जातो आणि नाकाच्या कूर्चेपर्यंत पोचू शकतो, म्हणून त्याला सौम्य समजून चालढकल करू नये. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत तो बहुधा काळसर दिसतो आणि म्हणूनच तीळ समजून राहून जातो. तुमच्याकडून फार मोठी चूक झाली असे मानू नका.

आता लेझरविषयी. सर्जनांनी काढलेला तुकडा आमच्या टेबलावर येई, तेव्हा त्याच्या एका टोकाला धाग्याचा छोटा टाका घातलेला असे. ती घड्याळातली बारा वाजताची बाजू. त्यावरून दिशा लावून आम्ही तुकड्याच्या कडांना शाई लावत असू, मग त्याचे पातळ काप करून डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कर्कपेशी शाईपर्यंत पोचलेल्या दिसल्या, तर रोग मागे राहिला असण्याची शक्यता आहे असे कळे. मध्ये निरोगी पेशींची पट्टी दिसली, तर कड मोकळी. कार्बन डायऑक्साइड लेझरने गाठ जाळून उडवली की तपासायला कडच उरत नाही. वरून त्वचा छान भरून येते आणि खाली काय राहिले ते कोणालाच कळत नाही.

हे मी घरच्या अनुभवाने लिहितो आहे. माझ्या मेहुण्यांच्या गालावरचा असाच 'मस' एका ठिकाणी लेझरने जाळला गेला आणि तपासणीला काहीही पाठवले नाही. तीन वर्षांनी त्याच व्रणाखाली गाठ हाताला लागली, आणि मग जी शस्त्रक्रिया करावी लागली ती पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी होती. तपासणीशिवाय जाळणे मला आजही अक्षम्य वाटते.

उत्तर २ (चिकोडी)

लाल प्रकाशाचा उपचार माझ्या थोरल्या भावाने पुण्यात घेतला, म्हणून लिहिते. त्याचा कर्करोग हाच होता, पण पाठीवर आणि अगदी उथळ प्रकारचा. आधी वरची खपली हलकेच खरवडून मलम लावले आणि पट्टी बांधून तीन तास बसवून ठेवले. त्या वेळात कर्कपेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य साठते. मग त्यावर लाल प्रकाश सोडला की पेशींतल्या ऑक्सिजनचे तीव्र रूप तयार होऊन त्या मरतात. प्रकाश जेमतेम आठ-दहा मिनिटांचा होता, पण आमचा दादा, जो कधी उफ् म्हणत नाही, तो मुठी आवळून पालथा पडला होता, कातडीवर निखारे ठेवल्यासारखे वाटते म्हणत होता. परिचारिका पंख्याचा वारा देत मध्ये मध्ये गार पाणी फवारत होत्या. आठवड्याने दुसरी बैठक झाली.

दोन दिवस तो भाग झाकून ठेवायला सांगितले होते. सनस्क्रीन पुरेल का असे मी विचारले, तर ते मुख्यतः अतिनील किरण अडवते आणि इथे त्रास दिसणाऱ्या प्रकाशाचाच असतो, असे उत्तर मिळाले. पाठ सदऱ्याखाली झाकता येते. नाकाचे तसे नाही, हे आईंना जरूर सांगा.

उत्तर ३ (त्वचारोगतज्ज्ञ, निपाणी)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. प्रकाश देऊन रोग बरा करण्याची कल्पना नवी नाही. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ मध्ये नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी जर्मनीत इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश सोडण्याचा प्रयोग झाला. आज या उपचारात त्वचेवर लावले जाणारे अमिनोलेव्हुलिनिक आम्ल आणि त्याचे मिथाइल रूप ही त्याच विचाराची पुढची पायरी होय. प्रकाश सुमारे ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल असतो, कारण निळ्यापेक्षा लाल प्रकाश त्वचेत अधिक खोल जातो. तरीही उपयुक्त खोली साधारण दोन मिलिमीटरच्या आसपासच राहते.

आपल्या आईंच्या बाबतीत तीन गोष्टी या उपचाराच्या विरोधात जातात. गाठ नोड्युलर आहे, म्हणजे जाड. ती रंगद्रव्ययुक्त आहे, आणि मेलॅनिन हे त्वचेतले रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून घेत असल्याने तो खाली कमी पोचतो. शिवाय जागा नाकाची आहे, जिथे रोग उलटण्याचा धोका मुळातच जास्त मानला जातो. उथळ गाठींमध्येसुद्धा यश पूर्ण नसते. नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण प्रकाशोपचारात ६२.७ टक्के, तर इमिक्विमोड मलमात ८०.५ टक्के आढळले होते. रक्तवाहिन्यांवर काम करणारे ५९५ नॅनोमीटरचे पल्स्ड डाय लेझर किंवा १०६४ नॅनोमीटरचे लेझर काही निवडक, लहान गाठींसाठी अभ्यासले गेले आहे, पण नाकावरच्या अशा गाठीला मी ते सुचवणार नाही.

शस्त्रक्रियेत गाठीभोवती काही मिलिमीटर निरोगी त्वचा घेतात. कमी जोखमीच्या लहान गाठीसाठी चार मिलिमीटर हे अंतर प्रचलित आहे, नाकावर कडांची काटेकोर तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. मोह्स पद्धतीत थर काढत त्याच बैठकीत सूक्ष्मदर्शकाखाली सर्व कड तपासली जाते. ती सोय जवळ नसेल, तर कडांचा पूर्ण अहवाल हाती आल्यावरच जखम कायमची भरावी का, अथवा फ्रोजन सेक्शन, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी, करता येईल का, हे आपल्या सर्जनांना स्पष्ट विचारा. बहुतेक वेळा हे स्थानिक भूल देऊन होते. गालाची त्वचा सरकवून नाकाच्या वळणात टाके बसवता येतात आणि व्रण वर्षभरात बराच फिकट होतो. आईंना एखादी अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती प्रत्यक्ष भेटवता आली, तर भीती अर्धी होईल.

प्रश्नकर्ती (खानापूर तालुका)

सर्वांची मी ऋणी आहे. काल आईला बारा वाजताच्या टाक्याची गोष्ट सांगितली. शाई कोणत्या रंगाची असते, एवढेच तिने विचारले. उद्या सर्जनांकडे जाताना अहवालाची प्रत आणि फ्रोजन सेक्शनचा प्रश्न कागदावर लिहून नेत आहे, आणि त्या केंद्राची ठरलेली वेळ आम्ही रद्द केली आहे.

उत्तर १ (निवृत्त पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, बेळगाव)

आईंना सांगा, आम्ही एकाच तुकड्यावर वेगवेगळ्या कडांना वेगवेगळे रंग लावत असू, निळा, काळा, हिरवा, म्हणजे कोणती बाजू कोणती ते चुकत नसे.