सुतारकामातल्या 'क्लॅम्प'ला मराठीत काय म्हणायचं?

कराडकर: सुट्टीच्या वर्गात मुलांना सुतारकाम शिकवतो. रंधा, पटाशी, गुण्या, खतावणी, गिरमिट ही नावं मुलांच्या तोंडी लगेच बसली. अडलंय ते क्लॅम्पपाशी, म्हणजे जोडकाम करताना लाकूड घट्ट आवळून धरायच्या हत्यारापाशी. भिंतीवर प्रत्येक हत्याराखाली नाव लिहायचं आहे आणि माझ्याकडं सी, एफ, सॅश, स्प्रिंग, पट्ट्याचा असे पाच-सहा प्रकार आहेत. सगळ्यांखाली 'शिकंजा' लिहू का? एक सहकारी म्हणतात, शिकंजा हिंदी आहे, वर्गात नको. सातारा-सांगलीकडं कामावर कोणते शब्द चालतात?

वाईकर: सर, शिकंजा बिनधास्त लिहा. मूळ शब्द फारसी आहे आणि तिकडं आजही त्याचा अर्थ छळ, यातना असा होतो, कारण माणसाला आवळून पिळायच्या साधनाचं ते नाव. मराठीत पुस्तकबांधणीवाले कागद दाबून ठेवतात त्यालाही शिकंजाच म्हणतात. परका म्हणून तो काढायचा ठरवला तर तुमच्या भिंतीवरचे रंधा आणि गुण्याही उतरवावे लागतील, तेही फारसीतूनच आलेत. पेचसुद्धा. मी विश्वकोशाच्या गावात राहतो, परिभाषा घडवण्याचं मोल जाणतो. पण कारागिराच्या हातात रुळलेला शब्द असताना 'संधारक' वगैरे नवं घडवायला माझा ठाम विरोध आहे. असा शब्द घेऊन पोरगं दुकानात गेलं तर रिकाम्या हातानं परत येईल.

मिरजकर: मी दारं-खिडक्या आणि फर्निचरचं काम करतो. आमच्याकडं सरसकट 'क्लॅम्प लाव' असंच म्हणतात. जुने मिस्त्री शिकंजा म्हणतात, तो मुख्यतः लांब पट्टीचा, म्हणजे तुमचा सॅश क्लॅम्प. सॅश म्हणजे खिडकीची चौकट, त्या कामावरूनच ते नाव पडलं. दाराची चौकट जोडताना कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, खाचेत पूर्ण बसेपर्यंत त्यानं ओढून घ्यायचं, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. फरक आला तर शिकंजा थोडा तिरका सरकवून लांब कर्णाच्या बाजूनं ओढ द्यायची.

फळ्या शेजारी शेजारी जोडून टेबलाचा माथा करायचा असेल तर शिकंजे एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावा. सगळे एकाच बाजूनं लावले की माथ्याला बाक येतो. आणि लोखंडी पट्टी ओल्या फेविकॉलला टेकू देऊ नका. सागावर काळा डाग पडतो, तो रंध्यानंही लवकर जात नाही. मध्ये कागद घाला.

कराडकर: मिस्त्री, हे फार कामाचं सांगितलंत. सी आणि एफ यांना वेगळी नावं आहेत का?

मिरजकर: नाहीत, अक्षरावरूनच ओळखतात. सी-क्लॅम्पला काही जण जी-क्लॅम्प म्हणतात, वस्तू तीच. दुकानात 'चार इंची', 'सहा इंची' असं मागायचं. हा आकडा म्हणजे जबडा किती उघडतो ते, हे मुलांना जरूर सांगा. कडेपासून आत किती पोहोचतो ते वेगळं माप. सीचा दाब जबर असतो, पण आटे फिरवण्यात वेळ जातो. एफचा खालचा जबडा पट्टीवर मोकळा सरकतो आणि पेच आवळला की किंचित तिरपा होऊन तिथंच अडकतो. तो अडकतो म्हणून दाब टिकतो. पट्टी तेलकट झाली की घसरतो, म्हणून पट्टीला तेल लावायचं नाही, तेल फक्त आट्यांना.

एक सावधगिरी. 'पाइप क्लॅम्प' हा शब्द तसाच वापरू नका. सुतारकामात तो म्हणजे नळाच्या साध्या पाइपावर दोन जबडे चढवून केलेला लांब शिकंजा. पाइप जेवढा लांब तेवढा शिकंजा लांब, फार सोयीची चीज. पण आमच्या बाजारात पाइप क्लॅम्प मागितला की भिंतीला नळ अडकवायची पट्टी पुढ्यात येते. 'पाइपावरचा शिकंजा' लिहा, घोटाळा होणार नाही.

वाईकर: वा, हा फरक कोशात कुठून सापडणार! स्प्रिंगवाल्याला मात्र मी 'चाप' सुचवतो. केसांचा चाप, कागदाचा चाप, सगळ्यांची रीत तीच. दाबून उघडायचा, सोडला की धरतो. पेच नाही म्हणून शिकंजा नाही.

मिरजकर: चाप पटला. त्याचा दाब कमी असतो हेही नावातून कळतं. सनमायकाची पट्टी किंवा टेम्पलेट धरायला बास, सांधा जोडायला नाही.

राहिला पट्ट्याचा. त्याला मी शिकंजा म्हणणार नाही. फोटोची चौकट, आठकोनी डबा असं काही जोडताना समोरासमोर सरळ दाब देता येत नाही, सगळ्या बाजूंनी एकदम आवळावं लागतं. आमच्या मिरजेत सतारीचं काम बघा. भोपळा गोल, त्यावर तबली, म्हणजे वरची पातळ लाकडी फळी, चिकटवायची, सरळ जबडा तिथं घसरणारच. दोरी गुंडाळून आवळतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. असलं नाजूक काम दोरीवर निभावतं याचा मला फार अभिमान वाटतो. तर शब्द घ्या 'आवळपट्टा'. ट्रकवर माल बांधायचा पट्टाही इथं चालतो, कोपऱ्यांवर पुठ्ठा तेवढा ठेवा.

कराडकर: आवळपट्टा घेतला. आता क्रियापद. मुलं 'क्लॅम्प मारला' म्हणतात, ते मला खटकतं.

वाईकर: खिळा मारतात, शिकंजा लावतात आणि पेच आवळतात. 'कसणे'ही चालेल, पण त्यात जोर जास्त आहे.

मिरजकर: म्हणूनच 'कस' म्हणू नका! नवखं पोरगं अंगातली सगळी ताकद लावतं आणि सांध्यातला फेविकॉल पिळून बाहेर काढतं. सांधा उपाशी राहिला की पुढं उकलतो. कडेला सगळीकडं बारीक थेंब दिसले की थांबायचं. 'आवळ' म्हणा. आणि जबड्याखाली प्लायचा तुकडा ठेवायला लावा. लाकडावर वण उठत नाही, शिवाय दाब पसरतो. तुकडा जाड असेल तर दाब जास्त रुंदीवर जातो आणि शिकंजे कमी लागतात.

कराडकर: एकच उरलं. दांडी खाली पाडली की जागेवर घट्ट बसतो तो टॉगल क्लॅम्प. राउटरच्या, म्हणजे लाकडात खाचा कोरायच्या यंत्राच्या, साच्यावर लावलाय. त्यात पेच फिरवायचा नसतो.

मिरजकर: आमच्यात त्याला खटका म्हणतात. दांडी मध्याच्या पलीकडं गेली की लाकूड कितीही उचललं तरी आपोआप सुटत नाही.

वाईकर: 'खटका' असंच लिहा सर, पुढं शिकंजा जोडायची गरज नाही.