आल्प्समधली जोडलेली स्की-गावं : तुमचे अनुभव लिहा

फ्रान्समधलं मोंशावँ हे १२५० मीटर उंचीवरचं मूळचं शेतकऱ्यांचं गाव. दगडी घरं, लाकडी सज्जे. गावातून लिफ्टने ला प्लान्यच्या उतारांवर जाता येतं आणि समोरची दरी ओलांडली की लेझार्क हे दुसरं स्की-क्षेत्र. २००३च्या डिसेंबरात इथे व्हानोआज एक्सप्रेस ही दुमजली केबलकार सुरू झाली. एका डब्यात २०० माणसं, मधे एकही खांब नाही, खाली ३८० मीटर खोल दरी. चार मिनिटांत पलीकडे! दोन्ही बाजू मिळून झालं पारादिस्की, चारशेहून जास्त किलोमीटरचे उतार.

मी हौसेने दोन्ही बाजूंच्या सगळ्या लिफ्टचा पास घेतला आणि सहा दिवसांत दरी ओलांडली एकदाच. सकाळी शिकवणी, दुपारी तेच हिरवे-निळे, म्हणजे सोपे उतार, संध्याकाळी मांड्या भरून आलेल्या. पहिल्या वर्षी गावापुरता पास पुरतो, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही गेला असाल, तर मोठा पास कितपत वापरला गेला ते नक्की लिहा.

*

आम्ही जिनिव्हात राहतो, त्यामुळे पोर्त द्यु सोलेई हे फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं स्की-क्षेत्र जवळचं. स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीहून स्कीवरूनच फ्रान्समधल्या आव्होरिआझला गेलो. वाटेतला शाव्हानेतचा भिंतीसारखा खडा उतार लिफ्टमधून बघूनच पोटात गोळा आला. परतताना गरम चॉकलेट प्यायला थांबलो आणि सीमेवरची लिफ्ट दहा मिनिटांनी चुकली. डोंगराला वळसा घालून टॅक्सीने घरी पोचेपर्यंत रात्र झाली, मुलगी रडून रडून झोपली. तेव्हापासून शेवटच्या लिफ्टची वेळ हातावर पेनाने लिहितो. दुपारी दोनला परत फिरायचं म्हणजे फिरायचं.

*

स्वित्झर्लंडमधलं झरमॅट आणि लिफ्टने जोडलेलं इटलीतलं चेर्विनिया. वाऱ्याने वरच्या लिफ्ट बंद, इटलीतलं जेवण राहिलं. दोन्ही देशांचा पास आदल्या दिवशी घेऊन ठेवू नका, सकाळी हवा बघून घ्या.

*

मोंशावँबद्दल माझंही. आई-बाबा सत्तरीचे, स्की करणार नव्हते. त्यांना केबलकारचं पायी जाणाऱ्यांचं तिकीट काढून दिलं. पलीकडे पेझे-वालांद्रीला झाडांतून मळलेल्या वाटेवर चालले, उन्हात बाकावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. बाबा दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच विचारत होते, "आज पुन्हा पलीकडे जायचं ना?"