लेसर व्हाइटथ्रोटचं ‘सिल्विया’ का गेलं?

बाभूळबन:
सोलापूरकडे आमच्या माळावर थंडी पडली की बाभळीत लेसर व्हाइटथ्रोट हे छोटे पक्षी येतात. राखाडी डोकं, डोळ्यामागे गडद डाग, पांढरा गळा आणि सारखं ‘टक् टक्’. वहीत वर्षानुवर्षं ‘सिल्विया कुरुका’ लिहीत आलो; आता यादीत ‘कुरुका कुरुका’ दिसतं. डीएनए पाहून जीनसचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, दोन भाग केले, इथवर कळलं. पण आपल्या पक्ष्याच्या गटात वीसहून जास्त जाती आहेत, दुसऱ्या गटात मोजक्याच. मग जुनं नाव त्या लहान गटाला कसं मिळालं? हे ठरवतं कोण?

पाखरमाती:
वर्गीकरण शिकवताना मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. इथे डोकी मोजतच नाहीत. जीनसचं नाव एका ठरावीक जातीला बांधलेलं असतं, ती टाइप स्पिशीज. ती जाईल तिकडे नाव जातं. सिल्वियाची टाइप म्हणजे ब्लॅककॅप हा पक्षी. नराची टोपी काळी, मादीची तांबूस तपकिरी. वाटणीत तो आणि गार्डन वॉर्ब्लर एका बाजूला राहिले, म्हणून सिल्वियाही तिकडेच राहिलं.

निसर्ग-अभ्यासक स्कोपोलीने 1769 मध्ये सिल्विया केलं तेव्हा टाइप नेमायची पद्धतच नव्हती. अशा जुन्या जीनसांच्या टाइप पुढच्या लेखकांनी निवडल्या. मात्र मनाला येईल ती जाती घेता येत नाही. मूळ लेखकाने त्या जीनसमध्ये घातलेल्या जातींतूनच निवडायची, आणि नियमात बसणारी पहिली निवड कायम. 1930 नंतरच्या नव्या जीनसची टाइप मूळ लेखातच सांगावी लागते, नाहीतर नावच ग्राह्य धरत नाहीत.

कुरुकाचं वेगळं आहे. बेखश्टाइनने 1802 मध्ये हे जीनस केलं आणि त्यात ‘मोटासिला कुरुका’ होती, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने नाव दिलेला तुमचा लेसर व्हाइटथ्रोट. जीनस आणि जाती, दोन्हींचं नाव अक्षर न् अक्षर तेच असलं की टाइप तीच ठरते. याला टॉटोनिमी म्हणतात. म्हणजे तुमच्या बाभळीतली जातीच टाइप आहे! अख्खं जीनस तिच्या नावावर उभं आहे, मला तर हा मान सिल्वियापेक्षा मोठा वाटतो.

आणि हो, 1758 मध्ये लिनियसने ब्लॅककॅप आणि लेसर व्हाइटथ्रोट दोघांनाही धोबी पक्ष्यांच्या मोटासिलात घातलं होतं. म्हणून आज त्यांच्या शास्त्रीय नावानंतर नाव देणारा लिनियस कंसात येतो. जीनस बदलल्याची ती खूण.

तोरणमाळकर:
ताई, म्हणजे टाइप स्पिशीज ही त्या जीनसमधली सगळ्यात ठळक, नमुनेदार जाती असते का? आणि आमच्या रानपिंगळ्याचं हेटेरोग्लॉक्स हे जुनं जीनसचं नाव का गेलं? त्यात तर तो एकटाच होता.

पाखरमाती:
नमुनेदार असायची अट अजिबात नाही. नाव कुठे जातं, एवढंच ती ठरवते. जातीची टाइप म्हणजे संग्रहालयात जपलेला नमुना असतो, तर जीनसची टाइप ही एक जाती असते. यात विद्यार्थी नेहमी अडखळतात.

ह्यूमने 1873 मध्ये हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी हे नाव दिलं. जीनसमध्ये एकच जाती, तेव्हा टाइपही तीच. 1997 मध्ये तुमच्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे 2018 च्या डीएनए अभ्यासात तो नेहमीच्या पिंगळ्यांच्या, म्हणजे एथेनी जीनसच्या आतलाच निघाला. एथेनी हे बोईने 1822 मध्ये दिलेलं नाव, टाइप युरोपातला छोटा पिंगळा. दोन जीनसांच्या टाइप एकाच जीनसमध्ये आल्या की जुनं नाव टिकतं, म्हणून एथेनी ब्लेविटी. हेटेरोग्लॉक्स पुसलं गेलेलं नाही. उद्या कोणी पुराव्यानिशी रानपिंगळा पुन्हा एकटा वेगळा काढला, तर त्याला नवं नाव घडवायची मुभा नाही. हेटेरोग्लॉक्सच परत घ्यावं लागेल.