पुस्तकात ऑइलचे तीन आकडे, मेकॅनिकने ओतलं चार लिटर. खरं काय धरू?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. गाडी १२०० सीसी पेट्रोल, आठ वर्षं जुनी. शनिवारी घराजवळच्या गॅरेजात ऑइल आणि फिल्टर बदललं. चार लिटरचा कॅन मीच नेला होता, मेकॅनिकने तो उलटा करून शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. म्हटलं, "भाऊ, उरलं नाही का थोडं?" तर म्हणे, "उन्हाळा आहे साहेब, जास्त ऑइल म्हणजे इंजिन ठंडं." मला पटलंही, खोटं कशाला बोलू. इंजिन बंद केल्याकेल्या त्याने ऑइलची पातळी पाहायची पट्टी ओढून दाखवली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या जरासं वर दिसलं.

आज सकाळी घरी पट्टी काढली तर खुणेच्या जवळजवळ दोन सेंटिमीटर वर! मग पुस्तक उघडलं. तिथे लिहिलंय: ऑइल पॅन ३.१ लिटर, फिल्टर ०.२, इतर ०.३, एकूण ३.६. यातला कोणता धरायचा? आणि पॅनमध्ये ३.१ मावतं तर चार ओतल्यावर सांडलं कसं नाही? रविवारी आई-बाबांना घेऊन परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचंय.

काटोल रोड

एवढं मनावर घेऊ नका. माझ्या गाडीत १५ वर्षं कॅन आणला की पूर्ण ओततात, आजपर्यंत काही झालं नाही. खुशाल जा.

हिंगणा रिटायर्ड

काटोल रोडवाले भाऊ, तुमच्या गाडीत किती बसते ते आधी पाहा. चार लिटरच बसत असन तं कॅन पूर्ण ओतला हे बरोबरच झालं. त्याच्यावरून दुसऱ्याच्या गाडीचं काऊन सांगता?

मानेवाडाकर बाबू, मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. जिंदगी चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइल पॅन, खोलण्यातच गेली. तुह्या पुस्तकातले तिन्ही आकडे खरे हायेत. ३.१ म्हणजे चेंबरचा खालचा बोल्ट खोलून ऑइल काढलं, फिल्टर तसाच ठेवला, तं परत घालायचं ते. फिल्टर नवा लावला तं त्याचे ०.२ धरून ३.३. अन् ३.६ फक्त कोरड्या इंजिनले, म्हणजे पूर्ण खोलून बांधलं तवा. ते 'इतर ०.३' इंजिनच्या आतल्या गल्ल्याबोळात, वरच्या हेडमध्ये चिकटून राहते, बोल्ट खोलल्यानं निघत नाही.

सांडलं नाही कारण चेंबरच्या वर ब्लॉकची पोकळी हाये. जास्तीचं ऑइल तिथं चढते, बाहेरून दिसत नाही, तिथंच तं माणूस फसते. चेंबरच्या अगदी वर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवते तो दांडा, फिरते, मिनिटाले दोन-तीन हजार फेरे. पातळी चढली की क्रँकचे वजन ऑइलात आपटतात अन् ताकासारखा फेस होते. पंप मग ऑइलसंगं हवा ओढते, बेअरिंगले दाब भेटत नाही. इंजिन ठंडं राहायचं सोडून उलटं गरम. वरून ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढायच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरकडं जाते, सायलेन्सरमधून निळा धूर. जास्त दिवस चाललं तं सीलही गळतात. माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीत मीच शहाणपणानं एक लिटर जास्त टाकलं होतं, धुराची वर्धा रोडभर वरात काढली.

अन् बंद केल्याकेल्या पट्टी पाहिली तं खोटंच दिसन, बरंच ऑइल तवा वरच असते. सपाट जागी उभी कर, दहा मिनिटं थांब, पट्टी पूस, पूर्ण आत घाल, मग पाहा. अपार्टमेंटच्या उतारावर नोको.

जास्तीचं आज काढ. बोल्ट ढिला करत बसू नको, हात भाजन अन् अंदाज चुकन. मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज अन् सलाइनची नळी आण. इंजिन कोमट असताना पट्टीच्या भोकातून नळी सोड अन् ओढ. तुह्या हिशेबात ४ वजा ३.३, म्हणजे ७०० मिली. बारा सिरिंजा. स्वच्छ, कोरड्या बाटलीत भर अन् मोजत जा.

डिझेलवाला

काका, मध्येच विचारतो. माझी बीएस६ डिझेल आहे. ऑइल न टाकता पातळी आपोआप वाढतेय. गाडी रोज फक्त सदर ते सीताबर्डी, जवळच्या जवळ.

हिंगणा रिटायर्ड

तुह्यात बहुतेक डिझेल मिसळून राहिलं. काजळीचा फिल्टर साफ करायले इंजिन जास्तीचं डिझेल सोडते. गाडी छोट्या फेऱ्यातच बंद केली की ते काम अर्धवट राहते अन् डिझेल चेंबरात उतरते. ऑइल पातळ होते. वास घे, अन् वरच्या खुणेच्या वर गेलं असन तं लांब पळवायच्या आधी बदल. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तं पाणी शिरलं, मग गाडी चालूच नोको करू.

मानेवाडाकर

काका, काम झालं, पण डोकं चक्रावलंय. गाडी पेट्रोलपंपाच्या फरशीवर उभी करून पातळी दोनदा पाहिली. बाराव्या सिरिंजनंतरही ऑइल खुणेच्या वरच होतं. बरोब्बर वरच्या खुणेवर यायला पंधरा लागल्या. म्हणजे ९०० मिली. मोजण्यात चूक नाही, बायको वहीत रेघा ओढत होती.

हिंगणा रिटायर्ड

४ वजा ०.९ किती झाले? ३.१. पुस्तकातला पहिला आकडा पाहा बरं. पन्नास मिली इकडंतिकडं होते, दोनशे नाही होत. जा, टॉर्च घे अन् खालून फिल्टर पाहा.

मानेवाडाकर

आत्ता बघून आलो. फिल्टर चिखलाने माखलेला, त्यावर पांढऱ्या मार्करने मागच्या सर्व्हिसचे किलोमीटर लिहिलेले. बिलात नवीन फिल्टरचे पैसे लावलेत! उद्या सकाळी बिल आणि फोटो घेऊन जातो. फिल्टर मात्र आता त्यांच्याकडून लावून घेणार नाही, घरीच लावतो म्हणतो.

हिंगणा रिटायर्ड

भांडण आधी, फिल्टर नंतर. नव्याच्या रबराले बोटानं ऑइल लाव. रबर टेकलं की हातानंच पाऊण फेरा, पाना नोको. जुन्या फिल्टरसंगं दोनशे मिली जाईन, ते तुह्या बाटलीतूनच परत टाक. फेकलं तं नाही ना?

मानेवाडाकर

नाही काका, बाटली जपून ठेवलीय. बायकोने वर चिठ्ठी लावलीय, 'हे तेल फोडणीचं नाही'.