मदत हवी आहे: हर्स्ट कॅसल, विंचेस्टर हाऊस आणि बिग सर, आई-बाबांसह तीन दिवस

घाटवाट:
नमस्कार. आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले आहेत आणि पुढच्या आठवड्यात मला शुक्रवार ते रविवार एवढीच मोकळीक आहे. कॅलिफोर्नियातच सॅन होजेचे विंचेस्टर मिस्टरी हाऊस (भुताटकीच्या कथांसाठी प्रसिद्ध असलेले जुने घर), बिग सरचा किनारा आणि हर्स्ट कॅसल (वृत्तपत्रांचे मालक हर्स्ट यांची टेकडीवरची हवेली) असे ठरले आहे. प्रश्न इतकाच, की किनाऱ्यालगतच्या हायवे १ ने जाऊन आतल्या भागातल्या हायवे १०१ ने परतावे की उलट? हॉटेलचे आरक्षण आज रात्रीच करायचे असल्यामुळे कृपया लवकर सांगावे.

समुद्रपक्षी:
निघणार कुठून, हे लिहिलेले नाही. सर्वसाधारणपणे दक्षिणेकडे जाताना हायवे १ घ्यावा, कारण तेव्हा समुद्र उजव्या हाताला असतो आणि समोरची वाहने न ओलांडता थांब्यावर गाडी घेता येते. मात्र हा रस्ता दरडींमुळे वारंवार बंद पडतो. मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे डोंगराचा कडाच रस्त्यावरून समुद्रात उतरला आणि वाहतूक सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. निघण्याच्या दिवशी सकाळी कॅलट्रान्सचा (राज्याच्या रस्ते विभागाचा) नकाशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नका. रस्ता बंद असल्यास १०१ ने पासो रोबल्सपर्यंत जाऊन ४६ ने किनाऱ्याकडे वळावे.

देवदार:
तीन दिवस हाताशी असताना एका श्रीमंत माणसाची हवेली कशाला पाहायची? योसेमिटीला जा. मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथेच नेतो आणि आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

समुद्रपक्षी:
पाहुणे यजमानाकडे तक्रार करत नसतात. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून योसेमिटीसह अकरा राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या सोळा वर्षांवरील पर्यटकांना माणशी १०० डॉलर जादा आकार आहे. हर्स्ट कॅसल कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान विभागाकडे असल्याने तिथे हा नियम लागू होत नाही.

घाटवाट:
मी योसेमिटीविषयी विचारलेले नाही. निघणार फ्रीमाँटहून. बाबा ठणठणीत आहेत. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, पण ती हळूहळू चालते. आता मार्ग सांगाल का?

माहेरवाशीण:
गुडघ्याचे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते, कारण तुमचा बेत रस्त्यावर नव्हे, पायऱ्यांवर अडणार आहे. हर्स्ट कॅसलला पायथ्याच्या केंद्रापासून बसने वर नेतात, त्यामुळे चढण नाही. परंतु नेहमीच्या फेऱ्यांमध्ये शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. पायऱ्या टाळणारी वेगळी फेरी असते, ती आधी नोंदवावी लागते. मी सासूबाईंना नेले तेव्हा हे ठाऊक नव्हते. त्या खाली बसून राहिल्या आणि परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

विंचेस्टर हाऊसची गंमत अशी, की ते घर बांधून घेणाऱ्या सारा विंचेस्टर यांना स्वतःलाच संधिवात होता, म्हणून त्यांनी अगदी कमी उंचीच्या पायऱ्या बांधून घेतल्या. एका जिन्याच्या ४४ पायऱ्या चढल्यावर माणूस नऊ-दहा फूटच वर पोहोचतो! तरीही १६० खोल्यांच्या त्या घरातली फेरी मैलभराची असते आणि मध्येच बसता येत नाही.

देवदार:
त्या पायऱ्या भुतांना चकवण्यासाठी होत्या, असे आम्हाला तिथे सांगितले होते.

माहेरवाशीण:
तिकिटे खपवण्यासाठी भुते बरी पडतात. छताला भिडून संपणारे जिने आणि भिंतीबाहेर उघडणारे दार यांचे कारण बरेचसे १९०६ च्या भूकंपात आहे. सात मजली मनोरा कोसळला आणि पडझड झालेला बराच भाग त्यांनी पुन्हा बांधलाच नाही.

कमान:
हवेलीला नावे ठेवणाऱ्यांनी ती कोणी बांधली हेही पाहावे. हर्स्टचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण १९१९ पासून १९४७ पर्यंत त्या टेकडीवर काम करून घेणाऱ्या वास्तुरचनाकार ज्युलिया मॉर्गन होत्या. कॅलिफोर्नियात वास्तुरचनेचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले ते २०१४ मध्ये, मृत्यूनंतर ५७ वर्षांनी.

घाटवाट:
माहिती उत्तम आहे, परंतु मला अजून हॉटेल कुठे घ्यावे हे कळलेले नाही.

माहेरवाशीण:
शुक्रवारी विंचेस्टर वगळून फेल्टनला जा. हेन्री कॉवेल उद्यानात रेडवूडच्या झाडांमधून पाऊण मैलाची सपाट वाट आहे आणि शेजारीच रोअरिंग कॅम्पची वाफेची आगगाडी सुटते. मुक्काम माँटेरे. शनिवारी रस्ता खुला असल्यास हायवे १ ने सॅन सिमियन. वाटेत पिएद्रास ब्लांकास येथे लाकडी सपाट मार्गावरून एलिफंट सील हे प्रचंड सागरी प्राणी अगदी जवळून दिसतात आणि तिकीट नाही. मुक्काम केंब्रिया. कॅसल रविवारी सकाळी पाहून १०१ ने परत. चार तास धरा.

घाटवाट:
बाबांना विंचेस्टर हवेच आहे, त्यामुळे ते त्यांना घेऊन नंतर एखाद्या संध्याकाळी पाहीन. माँटेरे आणि केंब्रियाचे आरक्षण आत्ताच केले. कॅसलच्या पायऱ्या टाळणाऱ्या फेरीत आईबरोबर आम्हा दोघांनाही घेतात, की आमची तिकिटे वेगळी काढावी लागतात?

देवदार:
योसेमिटीत असे प्रश्नच पडत नाहीत.

माहेरवाशीण:
घाटवाट, आम्ही ती फेरी घेतलीच नव्हती, त्यामुळे अंदाजाने सांगत नाही. उद्या सकाळी फोन करून विचारा आणि इथेही लिहा. माझ्या सासूबाई दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत.